तासावरचे आप्पा

पुण्यात जागा भाड्याने देणारे पूर्वीपासून पुष्कळ. जागा स्वतःकडेच ठेवून तिच्यातले तास विकणारे अलीकडे दिसू लागले. कर्वे रस्ता, बाणेर, औंध, कुठेही जा. एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काचेचं दार, दारावर इंग्रजी नाव, आत लांबलचक टेबलं, भिंतीवर प्लास्टिकचं गवत आणि कॉफी मशीनच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ. वय पंचावन्नच्या आसपास, गळ्यात स्वतःच्याच जागेचं आयकार्ड, नजर एकदा घड्याळावर आणि एकदा खुर्च्यांवर. आमच्याकडे त्यांना आप्पा म्हणतात. तुमच्याकडे सर किंवा फाउंडर म्हणत असतील. माणूस तोच.

आप्पा आधी नवी पेठेत अभ्यासिका चालवायचे. स्पर्धा परीक्षेची मुलं, महिन्याचे पैसे आगाऊ, प्रत्येकाला एक खुर्ची, एक दिवा, एक प्लग. दर ठरवायला डोकं लागत नसे. शेजारच्या अभ्यासिकेचा बोर्ड वाचायचा आणि पन्नास रुपये कमी लावायचे. कोविडनंतर घरून काम करणारी मंडळी घराला कंटाळली (घर त्यांना कंटाळलं, हे आप्पांचं मत), तेव्हा आप्पांनी कर्वे रस्त्यावर कोवर्किंग काढलं. तिथे दिवसाचा पास वेगळा, महिन्याची खुर्ची वेगळी, रोज तीच खुर्ची हवी असेल तर तिचा दर आणखी वेगळा. शिवाय तीन मीटिंग रूम : बारा जणांची रायगड, आठ जणांची सिंहगड आणि चौघांची तोरणा. त्यामुळे तिथे कायम इतिहास घडत असतो. ‘रायगड साडेचारला मोकळा होतोय’, ‘तोरणा दोन तास वाढवून द्या’, आणि मागच्या पावसाळ्यात ऐकलेलं, ‘सिंहगड मिळाला, पण प्रोजेक्टर गेला.’

आप्पांशी दराचा विषय काढू नये. काढलाच तर बसून घ्यावं. ते कागद ओढतात आणि हिशेब मांडतात. रायगडच्या वाट्याचं भाडं, मेंटेनन्स, व्यापारी दराची वीज, इंटरनेटच्या दोन लाइनी, साफसफाईच्या मावशी, सगळं मिळून धरा महिन्याला ३९,०००. कामाचे दिवस २६, दिवसाचे तास १०, म्हणजे २६० तास. भागाकार केला की तासाला दीडशे पडतात. "इथे साधा माणूस दोनशे दर लावतो आणि खूश होतो," आप्पा पेन रोखून म्हणतात, "आणि सहा महिन्यांत दुकान आवरतो." कारण २६० तास कधीच विकले जात नाहीत. निम्मे गेले तरी गणपती पावला. मग तोच तास तीनशेला पडतो, नि अजून कॉफी प्यायलेली नसते, टिश्यू पेपर संपलेले नसतात, व्हाइटबोर्डवर कुणी परमनंट मार्करने लिहिलेलं नसतं. असं करत करत रायगड सहाशेवर जातो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तो सांगताना आप्पांचा आवाज बारीक होतो.

त्यांना खरा त्रास मात्र रिकाम्या तासाचा. मंगळवारचा दुपारी तीनचा तास कुणी घेतला नाही, तर तो गोदामात ठेवून बुधवारी विकता येत नाही. कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या एक्सेलमध्ये विकलेला तास हिरवा, चौकशी झालेला पिवळा आणि गेलेला लाल. महिनाअखेरीस ते लाल चौकोन मोजतात आणि जेवायला उशिरा जातात. त्याहून वाईट म्हणजे तुकडे. कुणी साडेदहाला रूम सोडली आणि पुढची पार्टी अकराला आली, तर मधला अर्धा तास फुकट. म्हणून बुकिंग फक्त पूर्ण तासाला सुरू होईल, असा नियम त्यांनी लॅमिनेट करून लावला आहे. एका आयटीवाल्याने ‘पावणेअकरा ते पावणेबारा मिळेल का’ विचारलं, तेव्हा आप्पा त्याच्याकडे इतका वेळ नुसते पाहत राहिले की शेवटी त्याने दोन तास घेतले.

रेल्वेवर त्यांची श्रद्धा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, दुरांतो आणि शताब्दीला फ्लेक्सी भाडं लागलं. दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, असं करत मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत. लोक रेल्वेच्या नावाने बोटं मोडत होते. आप्पा म्हणत होते, "कुणीतरी डोकं असलेला माणूस बसलाय तिथे." ही कल्पना त्यांनी सिंहगडला लावून पाहिली. एका सोसायटीची कमिटी रीडेव्हलपमेंटसाठी बिल्डरला भेटायला जागा शोधत होती. सकाळी सचिवांना सहाशे सांगितले. दुपारी अध्यक्षांचा फोन आला तेव्हा आकडा सहाशे साठ झाला होता.

"अहो आप्पा, सकाळी सहाशे म्हणालात ना?"

"सकाळी मागणी कमी होती, काका."

"मंडईतली भाजीवाली संध्याकाळी भाव उतरवते. तुम्ही चढवता?"

आप्पांकडे याला उत्तर होतं, पण ते द्यायला एक तास लागला असता आणि तोही फुकट गेला असता. शेवटी सहाशेला ठरलं. कमिटी आली ती चौदा माणसांची. आठांच्या खोलीत चौदा जण, त्यात तिघे नुसते विरोध करायला आलेले. दर खोलीचा की माणशी, हा प्रश्न आप्पांना तेव्हा पहिल्यांदा पडला. आता पाटीवर माणसांची मर्यादा लिहिलेली असते. त्याखाली ‘उभे राहणारेही मोजले जातील’ ही ओळ पेनाने घातलेली आहे.

पॅकेजेस तीन. साधं, मधलं आणि सगळ्यात महाग, ज्याचं नाव ‘छत्रपती’ ठेवू नका असा वहिनींनी दम दिल्यामुळे ‘प्रीमियम’ आहे. ते आजवर कुणीही घेतलेलं नाही. कुणी घेऊही नये, अशीच आप्पांची इच्छा आहे. ते फक्त मधलं स्वस्त वाटावं म्हणून तिथे आहे. कुणी खरंच प्रीमियमची चौकशी केली की आप्पा गडबडतात, कारण त्यात लिहिलेला ‘समर्पित रिलेशनशिप मॅनेजर’ म्हणजे तेच.

महिन्याच्या सभासदांना मीटिंग रूमचे सहा तास फुकट. न वापरले तर महिन्याबरोबर संपतात. त्यामुळे २८ तारखेनंतर तोरणात विलक्षण गर्दी होते. कुणी आईशी फोनवर बोलायला रूम घेतो, कुणी नुसता दार लावून झोपतो. आप्पा काचेतून पाहतात. नियमावलीत मद्यपान, धूम्रपान आणि मोठ्या आवाजात संगीत यांना मनाई आहे, झोपेचा उल्लेख नाही. पुढच्या छपाईत येईल.

पण आप्पांचं दरपत्रक एकदा हललं. एक कुटुंब रविवारी तोरणा मागायला आलं. ‘क्लायंट मीटिंग’ म्हणून. आले तेव्हा क्लायंटच्या बाजूने आई, वडील, मावशी आणि साडी नेसलेली मुलगी. समोरच्या बाजूने मुलगा, त्याचे आई-बाबा आणि डबा. डब्यात कांदेपोहे. घरी बोलावलं की शेजारी खिडकीत येतात, हॉटेलात बिल कुणी द्यायचं यावरून नातं सुरू होण्याआधीच ताणतं, म्हणून तटस्थ जागा. आता याला दर कोणता? रविवारचा जादा? बाहेरच्या खाद्यपदार्थांचे शंभर? चारांच्या खोलीत सात जण? आप्पा पाटीकडे पाहत उभे राहिले. तेवढ्यात मावशींनी त्यांच्याही हातात पोह्यांची बशी दिली. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. बिल निघालं तोरणाच्या एका तासाचं, बाकी काही नाही. पंधरा दिवसांनी तीच मंडळी याद्या करायला रायगडात आली, तेव्हा आप्पांनी ‘जुने ग्राहक’ म्हणून दहा टक्के सोडले. त्यांनी स्वतःहून सोडलेली ती पहिली सूट.

कोवर्किंगचा पहिला प्रयोग २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने केला आणि सुरुवातीच्या महिन्यात त्याच्याकडे कुणी फिरकलंच नाही. ही गोष्ट आप्पा मंदीच्या दिवसांत आवर्जून सांगतात. वीवर्कची सांगत नाहीत. २०१९च्या सुरुवातीला ४७ अब्ज डॉलर किंमत लावली गेलेली ती कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. जागा वर्षांच्या कराराने घ्यायची आणि दिवसाच्या, महिन्याच्या हिशेबाने द्यायची, तर मधली जोखीम कुणाच्या तरी डोक्यावर बसतेच. आप्पांच्या डोक्यावर ती घरातच बसली आहे. कर्वे रस्त्यावरची ती जागा वहिनींच्या नावावर आहे, माहेरून मिळालेली. लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं, रीतसर नोंदवलेलं. मेट्रो वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत सुरू झाली, त्याचा आकडा वहिनींनी पुढच्याच करारात धरला. आप्पांनी रिकाम्या तासांचा एक्सेल दाखवला. वहिनी म्हणाल्या, "तुमचे तास रिकामे असतील, माझी जागा रिकामी नाही." यात घासाघीस झाली नाही. पुणेकरांनी आप्पांकडे केलेली सगळी घासाघीस वहिनींनी त्या एका वाक्यात भरून काढली.

तुम्हाला त्यांच्याकडे रूम घ्यायची असेल, तर मंगळवारी दुपारी दोन ते चार विचारा. लाल चौकोनांच्या धास्तीने आप्पा तेव्हा निम्म्यावर येतात. गुरुवारी जाऊ नका, वीज नाहीतर पाणी, काहीतरी गेलेलं असतं आणि जनरेटरचं डिझेल बिलात येतं. आणि वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी उठा. सहाव्या मिनिटाला आप्पा काचेबाहेर येऊन उभे राहतात, आणि एकसष्टाव्या मिनिटाचा दर पाटीवर लिहिलेला नाही.