खेचराचे कागद

आमच्या नरसीत घरटी एक नामदेव. पुतण्याही नामदेवच. कयाधूच्या काठी पतंग उडवणारं हे पोरगं आता विमान उडवतं आणि सध्या 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग'च्या अर्जाला बसलंय. परीक्षेला नव्हे, अर्जाला. परीक्षा त्यामानाने सोपी.

परीक्षा अशी : बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावायची आणि समोरच्या काट्यांवर विसंबून विमान न्यायचं. ढगात शिरलं की माणसाचा कान खोटं बोलतो. विमान कलंडलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, सरळच चाललोय. म्हणून कानाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. या सवयीसाठी यंत्रांवरचे 40 तास लागतात. त्यातले 20 पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. शिवाय स्वतः कप्तान होऊन लांब पल्ल्याचे 50 तास.

पोरानं सगळं केलं. अडलं ते नामापाशी. दहावीच्या सनदेवर इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'व्ही', पासपोर्टवर 'ओ'.

"काका, दोन्ही मीच ना?"

"ते तुला ठाऊक, बाबा. कागदाला कुठं?"

मग प्रतिज्ञापत्र झालं : 'व्ही' तोच 'ओ', 'ओ' तोच 'व्ही'. नोटरीचा शिक्का बसला आणि अद्वैत सिद्ध झालं. नामाचा महिमा पंजाबपर्यंत नेणाऱ्या संत नामदेवांच्या गावात नावाला पुरावा लागला!

परीक्षा तर थोरल्या नामदेवांचीही झाली होती. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभारांनी मडक्यांचं थापटणं घेतलं, जमलेल्या एकेका संताचं डोकं वाजवलं आणि निकाल जागेवर दिला : हे मडकं कच्चं. ना साक्षांकित प्रती, ना चलन. नापास नामदेव औंढ्याला गेले. तिथे गुरू भेटले विसोबा खेचर. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा. तरी त्यांचं लायसन कुणी तपासलं नाही. ते पिंडीवर पाय ठेवून निजले होते. म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेवांना तशी जागाच सापडली नाही.

परवा पुतण्यानं अर्ज पुन्हा भरला. फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी होती, ती किंचित पिवळी निघाली. लॅपटॉप मिटून म्हणाला, "काका, झेरॉक्स मागत नाहीत अशी धावपट्टी दाखवा, तिथंच उतरतो."

मीही अजून शोधतोय.