भगिनी सातासमुद्रापार, शेजारीण कराडजवळ

मुंबईने 1965 साली योकोहामाशी नातं जोडलं, 1972 साली लॉस एंजेलिसशी. पुण्याने 1992 साली सॅन होजेला बहीण मानलं. शिष्टमंडळं येतात-जातात, हारतुरे होतात. पाणीपट्टीची थकबाकी मात्र ज्याची त्याच्याच घरी राहते.

जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाण्यासाठी 200 कोटींचे रोखे विकले. व्याज 7.59 टक्के, तांत्रिक साहाय्य थेट अमेरिकेच्या अर्थखात्याचं. रोखे झटक्यात खपले; पाणी पुढची कित्येक वर्षं निविदा, टाक्या आणि खोदकाम यांतच मुरत राहिलं.

फलटणलाही चोवीस तास पाणी हवं असेल, तर फलटणकरांनी त्यासाठी वॉशिंग्टनकडे बघायचं कारण नाही. त्यांच्याच सातारा जिल्ह्यात, कराडला खेटून असलेल्या मलकापूरने हे करून दाखवलंय: घरोघरी मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर. नळ कायम चालू म्हटल्यावर हंडे भरून ठेवायचे आणि सकाळी तेच 'शिळं' म्हणून ओतायचे, हा उद्योग कोण करील? त्यात मीटर फिरताना दिसला की हात आपोआप आखडतो.

पण मलकापूरला व्हिसा लागत नाही, परदेश भत्ता तर नाहीच. एसटीने जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी परत येता येतं. असल्या अभ्यासदौऱ्याचा ठराव मांडणार कोण, आणि फोटोत मागे दाखवायचं काय, कराडचं बसस्थानक?