सोळाशे मीटरच्या पुढे

पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर उभे राहा. डांबरीच्या कडेने पोरं-पोरी पळताना दिसतील. कुणाच्या पायात शाळेचेच कॅनव्हास, कुणी अनवाणी. समोरून ट्रकचा दिवा आला की मुरमावर उतरायचं, गेला की परत वर. सगळी पोलीस भरतीची तयारी. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. यादीत नाव लागलं की पळणं संपलं. नाही लागलं तरी वय उलटल्यावर संपतंच.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे यांच्यातलाच. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि पळण्याच्या स्पर्धेत उतरला तो 2015 मध्ये, विशीनंतर, तेही सैन्यातच. स्टीपलचेसकडे वळला 2017 मध्ये. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, वर सात वेळा पाण्यावरून उडी. पुढच्याच वर्षी त्याने गोपाल सैनी यांचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं तो आकडा कुणी हलवला नव्हता! 2022 ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण हुकलं ते केनियाच्या किबिवोटपेक्षा 0.05 सेकंदाने. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

सत्काराच्या भाषणांत मात्र एकच गोष्ट घोळवली जाते: सहा किलोमीटरवरची शाळा, रोजची पायपीट, त्यातून घडलेला खेळाडू. मला हे कौतुक ऐकवत नाही. शाळेला जायला वाहन नव्हतं, ही लाजेची बाब आहे. पायपिटीनेच धावपटू घडत असते तर मराठवाड्याच्या प्रत्येक वाडीत एकेक साबळे असता. तो पोरगा इतकी वर्षं रोज पळत होता आणि हातात घड्याळ घेऊन बघणारा एकही माणूस वाटेवर नव्हता. बघितलं ते शेवटी पलटणीने. भरतीत तो नापास झाला असता, तर?

2025 च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. वयाने तिशी ओलांडलीय. त्याच्या मागे कोण, हे शोधायला लांब जायला नको. भरतीच्या मैदानावर हजारोंची वेळ सरकारच नोंदवतं, पोराच्या छातीवर क्रमांक लावून. त्यातले पहिले पन्नास निवडा, नोकरी लागो न लागो, आणि महिन्याभराने त्यांना तीन हजार मीटर पळवा. बूट मात्र आधी द्या.