पिंगला पाँग म्हणा

पुण्यात संगणकाची नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याचा व्हॉट्सॲपवर राग आहे. त्याच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचा अड्डा आयआरसी या इंटरनेटवरच्या जुन्या गप्पांच्या सोयीवर. "काका, कुणाच्या बापाचं नाही ते! फिनलंडच्या यार्क्को ओइकारिनेननं १९८८ साली लिहिलं, अजून चालतंय. तुम्हीही या."

गेलो. आधी सर्व्हरचा पत्ता, मग जाळीचं चिन्ह लावून चॅनेल, मग टोपणनाव. मराठी नाव नामंजूर. जुन्या नियमात रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं एवढंच बसतं. मात्र महिरपी कंस हे चौकटी कंसाचं धाकटं रूप धरायचं, असा खास नियम आहे. स्कँडिनेव्हियातल्या काही अक्षरांची ती सोय. आमच्या 'ळ'ची पाळी अजून यायची आहे.

निरोपाची ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते. नुसतं आमच्या गावाचं नाव, 'गणेशगुडी', लिहिलं की २४ गेले. पावसाचं वर्णन करायला बसलो तर आभाळ भरून येईपर्यंत ओळ संपते.

आणि ते पिंग! सर्व्हर मधूनमधून 'पिंग' म्हणतो, आपल्या यंत्रानं 'पाँग' म्हणायचं. नाही म्हटलं तर बाहेर. (घरात मीही लगेच ओ देत नाही, पण अजून कुणी बाहेर काढलेलं नाही.) सुपा धरणावर ढग उतरले की आमची रेंज जाते. परत येईतो जे बोलणं झालं ते गेलं. पुतण्याचा उपाय : चोवीस तास चालणारा दुसरा संगणक ठेवा, तो तुमच्या वतीनं ऐकत बसेल. गावात १०० मेगावॉटचं वीजघर आहे खरं, पण चोवीस तासांचा शब्द आमची वीज देत नाही.

त्यात २०२१ च्या मे महिन्यात मालकीच्या भांडणातून फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कचे स्वयंसेवक उठले आणि लिबेरा चॅट थाटून बसले. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला गेल्या, तशी वस्ती हलली. आमच्या लोकांना निदान टोपणनावं पुन्हा नोंदवावी लागली नव्हती.

व्हॉट्सॲप फक्त फोन नंबर मागतं. तो मग ग्रुपमधल्या अनोळखी राफ्टिंगवाल्यांनाही दिसतो, हे मला आवडत नाही. पण रेंज आली की अडलेले निरोप, फुलांच्या सुप्रभातांसकट, धडाधड येतात.

परवा पुतण्याचं लग्न ठरलं. त्यानंच ग्रुप काढला, व्हॉट्सॲपवर.

"आयआरसीवर का नाही रे?"

"काका, आत्याला एवढं सगळं कोण समजावत बसणार?"

मला समजावताना हा प्रश्न त्याला पडला नव्हता.