धडकांचा जमाखर्च

एप्रिल उजाडला की उत्तर अमेरिकेत बाहेरचा बर्फ वितळतो आणि आइस हॉकीबद्दल बोलणाऱ्यांची अक्कल गोठते. अख्खा हंगाम ज्या पोरांच्या वेगाच्या नि हातचलाखीच्या क्लिपा ही मंडळी एकमेकांना पाठवत होती, ती पोरं आता एका रात्रीत कुचकामी ठरतात. कारण प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, लागल्या. "अहो, प्लेऑफची हॉकी वेगळी असते. इथे स्किल-बिल काही चालत नाही. बॉडी लागते. जिगर लागते, जिगर!"

हे काका तुम्हाला माहीत आहेत. मिसिसागात असतात, ब्रॅम्प्टनमध्ये असतात, न्यू जर्सीतही असतात. बर्फाशी त्यांचा संबंध ड्राइव्हवेवर घसरण्यापुरता. पण सहा फूट चार इंचाचा डिफेन्समन कोणाला तरी रिंकभोवतीच्या काचेवर चेपतो तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते नातू झाल्यावरही पसरलं नव्हतं.

काकांचा सगळ्यात लाडका आकडा म्हणजे हिट्स, दिलेल्या धडका. दोन पिरियडच्या मधल्या विश्रांतीत तो पडद्यावर झळकतो. समजा, यजमान ३१, पाहुणे १७. "बघा, कशी भिडताहेत आपली पोरं!" शेजारी आणखी एक आकडा असतो. पाहुणे तीन गोल, यजमान शून्य. तो काकांना दिसत नाही. गोल काय, कोणीही करतं.

आता नियम काय सांगतो? पक, म्हणजे या खेळातला चेंडूच, ज्याच्याकडे आहे, किंवा ज्याने नुकताच पुढे सरकवला आहे, त्यालाच धडक देता येते. पक नसलेल्याला दिलीत तर ते इंटरफिअरन्स. दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचं. म्हणजे ३१ कायदेशीर हिट्स याचा अर्थ एवढाच, की ३१ वेळा पक समोरच्याकडे होता. स्वतःकडे पक असताना धडक द्यायला तुमच्याजवळ गिऱ्हाईकच नसतं. एसटी चुकलेल्या माणसाने, आपण तिच्यामागे किती लांब पळालो हे गावभर छाती फुगवून सांगावं, तसला हा हिशेब. आणि गाव विचारतं, "वा! आणि पुढच्या वेळी आणखी लांब पळणार का?"

बरं, हा आकडा मोजतो कोण? यजमान रिंकमध्ये वर बसलेले नोंदणीवाले. खांदा लागला तर हिट, की माणूस पडला तर हिट? पक सुटायला हवा, की नुसतं 'हुं' असा आवाज आला तरी पुरे? एका शहरात हात सैल, दुसऱ्या शहरात मूठ आवळलेली. परिणामी त्याच संघातल्या त्याच पोरांची जिगर घरच्या बर्फावर उतू जाते, आणि विमानात बसून परगावी उतरली की निम्म्यावर येते. जिगर चेक-इन बॅगेत राहत असावी.

पण काकांचा सिद्धांत आकड्यांवर उभा नाही, म्हणून तो आकड्यांनी पडतही नाही. संघ जिंकला तर जिगरीने जिंकला, हरला तर जिगर कमी पडली. साडेपाच फुटी पोराने गोल केला? "अहो, मूर्ती लहान पण काळीज बघा केवढं!" सव्वासहा फुटी गडी चारही सामन्यांत दिसला नाही? "दुखापत अंगावर काढून खेळतोय बिचारा." पक मारला एकीकडे, लागला कोणाच्या नडगीला, तिथून स्केटला, तिथून खांबाला आणि आत गेला, तर तीही जिगरच. इंचभर जाडीचा, १७० ग्रॅमपर्यंतचा रबराचा तुकडा तो. फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. इतकं करूनही तो कोणाच्या घोट्याला लागून कुठे जाईल हे ब्रह्मदेवाला सांगता येत नाही. काकांना येतं. गोल झाल्यावर.

हे दुखणं काकांनी भारतातूनच आणलं असावं असा माझा संशय आहे. १९७५ साली क्वालालंपूरला आपण मैदानी हॉकीचा विश्वचषक जिंकलो आणि पुढच्याच वर्षी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, सातवे आलो. मधल्या काळात पोरांच्या मांड्या बारीक झाल्या नव्हत्या. पायाखालचं गवत जाऊन कृत्रिम टर्फ आलं होतं. चहाच्या टपरीवरचा निकाल मात्र तेव्हाच लागला: आपली पोरं अंगानं कमी पडतात. खेळ कशावर चाललाय, नियम कसे वापरले जाताहेत, हे बघायला डोकं लागतं. मांडी नुसत्या डोळ्यांना दिसते.

न्यायाने बोलायचं तर काकांच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत, फक्त त्या काकांना ठाऊक नाहीत. एक, त्याच प्रतिस्पर्ध्याशी सात-सात सामन्यांपर्यंत खेळायचं असतं. पहिल्या सामन्यात ज्याला रिंकच्या कडेच्या बोर्डावर तीनदा आपटलं, तो पाचव्या सामन्यात मागून स्केटचा आवाज आला की पक अर्धा सेकंद आधी सोडून देतो. हे खरं आहे. दोन, गोलची जाळी सहा फूट बाय चार फूट, आणि तिच्यासमोर एक कपाट उभं राहिलं तर गोलकीपरला काही दिसत नाही. हेही खरं. पण तेच कपाट ताशी दीडशे किलोमीटरने येणाऱ्या पकला स्टिकचं पातं नुसतं टेकवून त्याची दिशा वळवतं, तेव्हा ते काम वजनाचं नसतं, मनगटाचं असतं. ज्याला ते जमतं त्याला पैसे मिळतात. ज्याला जमत नाही, त्याच्या नावावर हिट्स जमतात.

खरी मेख दुसरीकडेच आहे. २००४-०५ चा अख्खा व्यावसायिक हंगाम मालक-खेळाडूंच्या भांडणात बुडाला. परत खेळ सुरू झाला तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट झाली: पळणाऱ्याला स्टिकने अडकवणं, जर्सी धरून लोंबकळणं, याला खरोखरच शिक्षा व्हायला लागली. खेळ मोकळा झाला, पळणारी पोरं दिसायला लागली. ते नियम एप्रिलमध्ये रद्द होत नाहीत. पुस्तक तेच, पानं तीच. फक्त सामना जसजसा रंगतो तसतशी पंचांच्या तोंडातली शिट्टी खिशात जाते. बरोबरीतला तिसरा पिरियड, ओव्हरटाइम, आणि हिरव्या देठासारखा वळणारा एक पोरगा तिघांना चकवून निघालाय. चौथा त्याच्या कमरेला स्टिकची आकडी घालतो. पंच बघतो. पंच आकाशाकडे बघतो. "निकाल खेळाडूंनीच ठरवू दे!" अरे, त्या खेळाडूने ठरवलाच होता की! तुमच्या डोळ्यांदेखत ठरवत होता. शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच असतो, आणि तो दर वेळी हळू पळणाऱ्याच्या बाजूने जातो. आधी वेगवान माणसाचे पाय बांधायला परवानगी द्यायची, आणि मग पॅनेलवर बसून, टाय सारखा करत, 'प्लेऑफमध्ये वेग चालत नाही' असा शोध लावायचा. वा रे शोध!

बॉडीच जर एवढी लागत असेल तर सुधारणा अर्धवट कशाला? माझी योजना तयार आहे. पहिल्यांदा तो पक काढून टाका. त्याच्यामुळे धडका देण्यात व्यत्यय येतो. गडी ऐन भरात असताना कुठूनतरी तो तुकडा येतो आणि खेळायला लागतं. जाळ्याही उचला, तिथे आणखी दोन डिफेन्समन मावतील. मग रिंकच्या दारात ट्रक तोलायचा काटा बसवा. दोन्ही संघ काट्यावर चढतील, पावती फाटेल, जड संघ पुढच्या फेरीत. सात सामने कशाला, सात जेवणं ठेवा. ओव्हरटाइमची कटकट जाईल. १९३६ साली एका सामन्यात सहा ओव्हरटाइम होऊन सगळ्या रात्रीत मिळून एकच गोल झाला होता, काट्यावर तो प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. वजन सारखं भरलं तर दाढी बघा. प्लेऑफ संपेपर्यंत दाढी न करण्याची प्रथा १९८० च्या दशकापासून आहेच, तिला गुण द्या. मार्चमध्ये खेळाडूंच्या ट्रेडची मुदत संपण्याआधी संघ तरुण पोरांवरचे हक्क देऊन पस्तिशीचे थोराड गडी आणतात, तो व्यवहारही मग सरळ किलोच्या भावाने होईल. निदान मापात पाप राहणार नाही. आणि दर सामन्यानंतर काकांना मैदानावर बोलावून, दोन्ही संघांना एकेक धक्का मारायला लावून, कोण कमी हललं ते जाहीर करायचं. हिट्सचा आकडा तेव्हा कुठे खरा होईल, कारण मोजायला दुसरं काही उरलेलंच नसेल.

हसून झालं असेल तर आता दुखापतीचं पत्रक वाचू. प्लेऑफमध्ये गडी जायबंदी झाला की संघ दोनच गोष्टी सांगतो: अप्पर बॉडी किंवा लोअर बॉडी. बस्स. माणसाचे दोन तुकडे, कमरेच्या वर आणि कमरेच्या खाली. गुडघा लोअर बॉडी. खांदा अप्पर बॉडी. आणि डोकं? तेही अप्पर बॉडी. ज्याला काल काचेवर आपटल्यावर आपण कुठल्या शहरात आहोत हे सांगता येत नव्हतं, त्याची नोंद मनगट मुरगळलेल्याच्याच रकान्यात. चार दिवसांनी तो परत बर्फावर येतो आणि काका उभे राहून टाळ्या वाजवतात. ज्यांचं कामच मारामारी होतं अशा काही खेळाडूंचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले गेले, आणि डोक्याला वारंवार मार बसून होणारा सीटीई नावाचा आजार त्यांत सापडला. त्यातले काही पन्नाशीही गाठू शकले नव्हते. त्यांच्या हिट्सच्या टेपा अजून निघतात, खाली ढोल वाजवून.

आणि हे वेड मोठ्यांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. शनिवारी सकाळी सहाला कुठल्याही उपनगरातल्या रिंकवर जा. काचेला नाक लावून आपलेच लोक उभे असतात. एका हातात थर्मास, दुसऱ्या हाताने काच बडवणं चालू. "घूस, घूस! अरे, दे ना त्याला!" आत बारा वर्षांचं पोर. त्याने आत्ताच दोघांच्या मधून पक स्वतःच्या पायांमधून काढला, इतका अलगद की दोघं अजून मागे वळून शोधताहेत. बाबांना ते दिसलं नाही. पोर काचेवर आदळायला गेलं नाही, तेवढं दिसलं. क्वेबेकमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडक द्यायला बंदी होती, अल्बर्टात मुभा होती. २०१० साली दोन्हीकडच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली: अल्बर्टात सामन्यात इजा होण्याचा धोका तिपटीहून जास्त. २०१३ पासून कॅनडाभर या वयाला धडक बंद झाली, तर केवढी हळहळ! पोरं लेचीपेची होणार म्हणे. आता धडक तेराव्या वर्षी सुरू होते, म्हणजे नेमकी अशा वयात की एकाला मिसरूड फुटलंय आणि दुसऱ्याचे दुधाचे दात परवापरवा पडलेत. निवड कोणाची होते, हे सांगायला नको. वयाची गणती ३१ डिसेंबरला तोडतात म्हणून जानेवारीत जन्मलेलं पोर डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतं, आणि वरच्या संघांत जानेवारी-फेब्रुवारीवालेच जास्त भरतात, हे कॅनडातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलंय. जगात पत्रिका बघून माणसं निवडणारे आपणच, असं मला वाटायचं; इथे तर नुसत्या जन्ममहिन्यावर भागतं, गुणमेलनाचीही गरज नाही. डिसेंबरचं पोर मनगटाचं कितीही सोनं घेऊन आलं तरी तेराव्या वर्षी घरी जातं. मग पंचविशीतले थोराड गडी बघून काका सांगतात, "बघा, वर पोचतात ती मोठीच पोरं!"

काका, जिगर बघायचीच असेल तर पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या माणसाकडे बघा. सातवा सामना, तिसरा पिरियड, बरोबरी, तीन मिनिटं बाकी. यजमानांच्या सगळ्यात लाडक्या, सगळ्यात थोराड गड्याने स्टिकची आकडी घातली आहे. अठरा हजार लोक सात पिढ्यांचा उद्धार करायला टपलेत. वाजव शिट्टी. बसव त्याला दोन मिनिटं बाहेर. एवढी छाती असलेला एक माणूस जूनमध्ये दाखवा, मग उंचीबद्दल बोलू.