पीआरकर

वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यावर ज्याचा चेहरा पडतो, तो माणूस पीआरकर समजावा. मूळचा तो सातारकर असो की नागपूरकर. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, एक्स्प्रेस एन्ट्रीत प्रोफाइल टाकलं की जुनं आडनाव पासपोर्टापुरतं उरतं. आमच्या सोसायटीतल्या पीआरकराने तिशीपासून केक कापलेला नाही. सपत्नीक अर्जदाराला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे 100 गुण, तिसाव्याला 95, पुढे दर वर्षी पाच वजा. चाळिशी ओलांडली की दहा-दहा. "इकडे आई औक्षण करते, तिकडे ओटावात माझे पाच कापतात," असं तो निरांजनाकडे बघत म्हणतो.

एकूण हिशेब 1200 चा. त्यातले 600 कॅनडातल्या एखाद्या प्रांताने नाव सुचवलं तर एकरकमी पडतात. त्यामुळे सस्कॅचवानमध्ये कुठल्या धंद्यात माणसं कमी आहेत हे त्याला तोंडपाठ. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे मात्र त्याला विचारू नये. नात्यागोत्याचंही तेच. सख्खं भावंड कॅनडात स्थायिक असेल तर 15 गुण मिळतात, आणि याची बहीण न्यू जर्सीला दिलेली. "टोरांटोचं स्थळ सांगून आलं होतं. बाबांनी पत्रिकेत 36 पैकी 14 च जुळतात म्हणून नाकारलं. माझे 15 बुडाले त्याचं काय?" बहिणीचा संसार सुखाचा चालला आहे, ही त्याच्या दृष्टीने किरकोळ बाब.

पण त्याची खरी ठसठस म्हणजे आयईएल्ट्सचं रायटिंग. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत गडी पक्का. लिहायला बसला की साडेसहा. सात हवेत. अर्ध्या बँडने असं काय बिघडतं, असं मी एकदा सहज विचारलं आणि माझी संध्याकाळ गेली. रायटिंगचे स्वतःचे सात जातात. शिवाय चांगलं इंग्रजी आणि उच्च पदवी यांच्या जोडीला मिळणारे 50 अर्धे होतात, इंग्रजी आणि अनुभव यांच्या जोडीचेही 50 अर्धे होतात. म्हणजे अर्ध्या बँडला 57 गुण! त्यात निकाल दोनच वर्षं चालतो. मग पुन्हा फी, पुन्हा निबंध, पुन्हा साडेसहा. शहरीकरणाचे फायदे-तोटे या विषयावर इतकं लिहिलेला माणूस महापालिकेतही नसेल.

घरात नवीन काही येत नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, सोफ्याचं एक फळकूट विटेवर टेकलंय. "आता जायचंच आहे" हे उत्तर सगळ्याला. खर्चाला हात लावायची सोय नाही, कारण तिकडे गेल्यावर पोट भरेल एवढी शिल्लक खात्यात असल्याचं बँकेचं पत्र लागतं. थंडीची जाड जाकिटं मात्र भर मे महिन्यात सेलमध्ये घेऊन ठेवली आहेत. त्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो.

13 फेब्रुवारी हा त्याचा सुतकाचा दिवस. कटऑफच्या वर गुण असलेल्यांना ड्रॉ काढून अर्जाचं बोलावणं जातं; 2021 साली त्या दिवशीच्या ड्रॉचा कटऑफ 75 वर उतरला आणि 27,332 जणांना बोलावणं गेलं. याच्याकडे चारशेच्या वर गुण होते. पण ड्रॉ फक्त कॅनडात काम केलेल्यांसाठी होता. "पंच्याहत्तर!" तो अजून म्हणतो, आणि समोरच्याने मान हलवून हळहळ दाखवावी लागते.

वहिनींनी फ्रेंचचा क्लास लावला तेव्हा त्याने लगेच आकडेमोड करून दाखवली. ज्यादाचे 50 मिळतात ते मुख्य अर्जदाराच्या फ्रेंचला. जोडीदाराच्या फ्रेंचने ते मिळत नाहीत. "कशाला वेळ घालवतेस?" वहिनी काही बोलल्या नाहीत. सकाळी डबे करताना कानात फ्रेंच, रात्री ओटा पुसताना फ्रेंच. वयाने त्या लहान, इंग्रजीच्या रायटिंगमध्येही त्यांना सात. परीक्षा झाल्यावर त्यांनी स्वतःलाच मुख्य अर्जदार करून वेगळं प्रोफाइल टाकलं. तो तेव्हा बहुधा सस्कॅचवानची यादी बघत असावा.

2023 पासून कॅनडा फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ काढू लागला होता. 2024 च्या फेब्रुवारीत सर्वसाधारण ड्रॉ 535 च्या आसपास अडकला, फ्रेंचचा 336 पर्यंत खाली आला. वहिनींना बोलावणं आलं. अर्ज भरायला 60 दिवस.

आता घरात पोलिसांचा दाखला, मेडिकल, बँकेची पत्रं अशी धावपळ चालू आहे, आणि धावतोय तोच. फॉर्मवर तो 'सोबत येणारा जोडीदार' आहे. परवा लिफ्टमध्ये भेटला तेव्हा मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "हिच्या स्कोअरमध्ये माझ्या इंग्रजीचेही आहेत बरं का. वीसपैकी अठरा."

दार बंद होता होता पुन्हा तोंड बाहेर काढून म्हणाला, "दोन त्या रायटिंगने खाल्ले."