आजवर लाभलेले कॅप्टन

प्रवासी जहाजाचा कॅप्टन सफर अर्ध्यावर असताना बदलला की प्रवाशांत कुजबूज सुरू होते. पहिल्या रात्री ज्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढला, तो पांढऱ्या गणवेशातला गृहस्थ चौथ्या दिवशी एका बंदरावर बॅग ओढत उतरताना दिसतो. मग जेवणाच्या टेबलावर तर्क लढवले जातात. आजारी पडला असेल, कंपनीशी बिनसले असेल, नाहीतर जहाजातच काही बिघाड असेल. या मंडळींत आपल्या जिल्ह्यातला माणूस एकही नसणार, याची खात्री बाळगावी. नगरकर (अहिल्यानगरकर म्हणायला हवे, जिभेला वळण लागते आहे) अशा वेळी फक्त एवढेच विचारील, ‘कोणाच्या सांगण्यावरून?’ आणि उत्तराची वाट न पाहता भाजी वाढून घेईल. समुद्राचे तोंड न पाहिलेल्या जिल्ह्याला दर्यावरच्या कारभाराची इतकी पक्की समज असावी, ही अभिमानाची गोष्ट आहे.

समुद्रावरची खरी कारणे ऐकली तर मात्र निराशा होते. तिथे कॅप्टन बदलतो तो मुख्यतः विश्रांतीसाठी. त्याचा करार काही महिन्यांचा असतो, मग सुट्टी. करार संपण्याची तारीख आणि सफर संपण्याची तारीख जुळेलच असे नाही, म्हणून मधल्याच बंदरावर दुसरा चढतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खलाशाला दर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते. जाणारा कॅप्टन येणाऱ्याला कोणते यंत्र कुरकुरते, कोणते काम अर्धवट आहे, पुढे कुठे जपायचे, हे सगळे लिहून देतो. कारभार सोपवल्याची नोंद होते आणि मगच पहिला उतरतो. येणाराही बहुधा त्याच जातीचे जहाज चालवलेला असतो. परिणामी जहाजाला बदल झाल्याचे कळतच नाही. ते त्याच वेगाने त्याच दिशेला जात राहते. ज्या बदलाने काहीच थांबत नाही, त्याला बदल तरी कसे म्हणावे?

आपल्याकडे हा विषय अधिक उदारपणे हाताळला जातो, आणि त्यात या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ज्या कायद्यांसाठी आंदोलने केली, त्यांत माहितीच्या अधिकाराबरोबर बदल्यांचा कायदाही होता. २००५ चा हा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू झाला. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. त्याआधी हलवायचे तर अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारण हवे, ते लेखी नोंदवायला हवे आणि वरची पूर्वमंजुरी हवी. दूरदृष्टी आहे ती या शेवटच्या भागात. तीन वर्षांचा नियम रुक्ष आहे, तो सर्वांना सारखाच लागतो. ‘विशेष कारण’ मात्र माणूस पाहून ठरते. आणि विशेष माणसे प्रशासनात असतातच. एखादा रात्री नदीवर जाऊन वाळूचे डंपर पकडतो, एखादा अतिक्रमणांची यादी नावानिशी वाचून दाखवतो, एखादा टेंडर परत पाठवतो. अशांची वेळीच दखल घेण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली, हे किती जणांच्या लक्षात आले असेल? याच कायद्यात एरवी कोणतीही फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त काळ टेबलावर राहू नये, असेही कलम आहे. फाइल सात दिवसांत हलली नाही तरी साहेब हलतात. कायद्याचा अर्धा भाग तरी पाळला जातो म्हणायचे.

कोणत्याही तालुक्याच्या कार्यालयात जा आणि साहेबांच्या खुर्चीच्या मागची भिंत पाहा. तिथे लाकडी फलक असतो. वर ‘आजवर लाभलेले अधिकारी’, खाली तीन रकाने: नाव, पासून, पर्यंत. जुन्या ओळी ऐसपैस, वळणदार अक्षरांत; तेव्हा पेंटरला घाई नसावी. पुढे अक्षर बारीक होत जाते, ओळी जवळजवळ येतात, एखाद्या नावासमोर ‘प्रभारी’ असे कंसात येते, आणि शेवटी फलकाच्या चौकटीवरच एक नाव चढलेले दिसते. ‘लाभलेले’ हा शब्द तिथे उगीच नाही. एका खुर्चीला इतक्या जणांचा लाभ व्हावा, हे भाग्य सागरी जहाजांच्या वाट्याला कुठले? शिवाय निरोप आणि स्वागत एकाच मांडवात उरकता येते. शाल-श्रीफळ तेच, फेटे बांधणारा तोच, भाषणेही तीच. ‘साहेबांचा कार्यकाळ अविस्मरणीय होता’ हे वाक्य वक्ता कागद न पाहता म्हणतो. आकडा विचारू नये.

सामान्य माणसाला यातून काय मिळते, अशी शंका काही जण घेतात. रस्त्याच्या दाव्याचेच उदाहरण घ्या. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला, तर शेतकरी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करतो. नोटिसा निघतात, तारखा पडतात, मग साहेब स्थळपाहणीला येतात. जीप बांधावर थांबते, तलाठी नकाशा बॉनेटवर पसरून चार कोपऱ्यांना चार ढेकळे ठेवतो, पंच अंगठे आणि सह्या करतात, घरून चहा येतो. निकाल लिहायचा तेवढा राहतो, आणि त्याच आठवड्यात साहेबांना विशेष कारण घडते. नवे साहेब येतात. प्रकरण समजून घेतात. ते न्यायाने वागणारे असल्यामुळे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या बांधावर विसंबत नाहीत; पुन्हा स्थळपाहणी, पुन्हा जीप, पुन्हा ढेकळे, पुन्हा चहा. ज्या शेताकडे एरवी ग्रामसेवकही फिरकला नसता, ते शेत दोन-तीन तहसीलदारांनी जातीने पाहिलेले असते. ऊस बाहेर काढायला रस्ता नसतो, ही गोष्ट वेगळी.

आणि जाणारा अधिकारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेला आणि बदलीला स्थगिती मिळाली, तर एका खुर्चीला दोन साहेब लाभतात. त्या दिवसांत शिपाई कोणाची घंटी आधी ऐकतो, त्यावरून कायद्याची खरी स्थिती समजते. वकिलाची फी वाचते.

या क्षेत्रातला राज्याचा मानबिंदू म्हणून तुकाराम मुंढे यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. २००५ च्या तुकडीच्या या अधिकाऱ्याची २० पेक्षा जास्त वेळा बदली झाली. नवी मुंबईत नगरसेवकांनी २०१६ मध्ये त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर केला. २०१८ मध्ये नाशिकचे आयुक्तपद त्यांच्याकडे वर्षभरही राहिले नाही. कोणी म्हणेल, हा एका माणसावर अन्याय झाला. पण दुसऱ्या बाजूने पाहावे. एकाच शहराने त्यांना तीन वर्षे अडकवून ठेवले असते, तर बाकीच्या शहरांनी काय करायचे होते? चांगल्या अधिकाऱ्याचे समान वाटप व्हावे, या तत्त्वाला आपले राज्य जेवढे जागले तेवढे दुसऱ्या कशाच्या वाटपाला जागले नसेल.

आपल्या शहराला तर ही परंपरा निजामशाहीपासूनची आहे. १५९५ च्या एप्रिलमध्ये बुऱ्हाण निजामशहा वारला, त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच लढाईत मारला गेला, आणि मग दरबारातल्या चार गटांनी चार वारस पुढे केले. त्यांपैकी मियाँ मंजू यांनी आपल्या बाजूला बळ यावे म्हणून मुघल शहजादा मुराद यालाच बोलावणे धाडले. मुराद तत्परतेने आला आणि किल्ल्याला वेढा घालून बसला. चांदबिबीने किल्ला लढवला, तरी पुढच्या वर्षी वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १६०० मध्ये तिचा घात तिच्याच माणसांनी केला आणि किल्ला गेला. वादळात सुकाणू कोणी धरायचे, हा वाद आपण पाहुणे बोलावून सोडवतो, ही जुनी रीत आहे.

ती महापालिकेने जपली. २०१८ च्या निवडणुकीत ६८ जागांपैकी शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४ मिळाल्या. महापौर झाला १४ जागांच्या पक्षाचा, १८ जागांच्या पक्षाच्या पाठिंब्याने. महापौरपदाची मुदत कायद्यानेच अडीच वर्षांची, म्हणजे वाटेत बदल करण्याची तरतूद आधीच केलेली. त्याप्रमाणे २०२१ मध्ये २४ जागांच्या पक्षाचा महापौर आला, राष्ट्रवादी त्याच्याही बरोबर. कॅप्टन बदलला, इंजिनरूम तीच. ज्यांना या शहरात सातत्य नाही असे वाटते, त्यांनी डेकवर पाहण्याऐवजी खाली उतरून पाहावे.

मुंबईलाही आपण मागे ठेवलेले नाही, म्हणजे तीही मागे राहिलेली नाही. २०१९ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेने एकाच सफरीत तीन मुख्यमंत्री पाहिले. त्यांतल्या पहिल्याचा शपथविधी २३ नोव्हेंबरला सकाळी, बरेच प्रवासी झोपेत असताना झाला आणि राजीनामा २६ तारखेला. १९६० पासून सलग पाच वर्षांची मुदत पुरी करणारे मुख्यमंत्री दोनच, वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. बाकीच्यांनी राज्याचा कंटाळा येण्याआधीच राज्याला मोकळे केले.

जिल्ह्यात याला अपवाद नाहीत असे नाही. काही सहकारी संस्थांत सुकाणू एकाच घरात राहते. पण तिथे वडील जाऊन मुलगा येतो, तेव्हा निदान पिढी तरी बदलते. खरी चिंता हिवरे बाजारची आहे. १९८९ पासून या गावाचे सुकाणू पोपटराव पवार यांच्या हाती आहे. तीस वर्षे गावात पंचायतीची निवडणूकच लागली नाही. २०२१ मध्ये लागली, तर गावाने पुन्हा त्यांनाच निवडून दिले. जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्याप्रमाणे पिके ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसाला बंदी. विहिरींना पाणी आहे, मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे परत आली आहेत. पण निरोप समारंभ? एवढ्या वर्षांत गावाला एकाही अविस्मरणीय कार्यकाळाचा लाभ झाला नाही. तिकडे कुकडीच्या पाण्याचे आवर्तन कधी सुटणार म्हणून श्रीगोंदा-कर्जतचे शेतकरी निवेदने देत असतात. खुर्च्यांचे आवर्तन मात्र न मागता वेळेआधी सुटते. हिवरे बाजारला यातले काहीच ठाऊक नाही. अशी गावे जिल्ह्यात वाढली, तर फलक रंगवणाऱ्यांनी, फेटे बांधणाऱ्यांनी आणि विशेष कारणे लिहिणाऱ्यांनी जायचे कुठे, याचा विचार शासनाने करावा.

तोवर वाचकांना एवढीच विनंती: आपले काम कोणत्याही कार्यालयात अडकले असेल, तर नव्या साहेबांना लवकर भेटून घ्या. अर्जाची पोच आणि एक झेरॉक्स जवळ ठेवा. कार्यालयातली सापडेलच असे नाही. पहिल्या भेटीत ‘प्रकरण बघून सांगतो’ असे उत्तर मिळेल, त्यावर रागावू नका. ते बघायलाच आले आहेत. दुसऱ्या भेटीला जाताना दारावरची पाटी आधी वाचा.